इंजिनाचा भार तेलावर

ट्रकच्या इंजिनाचा विषय निघाला की बोलणं अश्वशक्तीवर, टॉर्कवर, लिटरमागे किती किलोमीटर यावर येतं. तेलाची आठवण होते ती ते बदलायची वेळ जवळ आली की. मला हे कायम उलटं वाटत आलं आहे. डिझेल इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात बरीच वर्षं हात काळे केल्यावर माझं मत असं झालं आहे, की इंजिन समजून घ्यायचं तर डिझेलमागे न जाता तेलामागे जावं. डिझेल आत येतं, जळतं, संपतं. तेल इंजिनाच्या कानाकोपऱ्यात जाऊन परत खाली येतं, पुन्हा निघतं, आणि प्रत्येक खेपेला जिथे जाऊन आलं तिथलं काहीतरी बरोबर घेऊन येतं.

आधी एक साधा हिशेब. मोठ्या ट्रकच्या इंजिनात पिस्टनचा व्यास १३० मिलिमीटर धरा. वरचं क्षेत्रफळ झालं सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर. आजच्या इंजिनात डिझेल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब २०० बारपर्यंत सहज जातो, आणि एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त भार. गुणाकार केला की २७ टन येतात. एका पिस्टनवर, एका क्षणी, २७ टन. हा भार पिस्टन पिनमधून कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगमधून क्रँकवर, म्हणजे पिस्टनचं वरखाली होणं गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावर, उतरतो. इंजिन १२०० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ६०० वेळा हेच. त्या बेअरिंगच्या आणि क्रँकच्या मध्ये असतो तेलाचा एक पापुद्रा. भार ऐन भरात असताना त्याची जाडी काही मायक्रॉन उरते, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-चार, कधी त्याहूनही कमी. तरीही धातूला धातू लागत नाही. इतक्या वर्षांनंतरही या गोष्टीचं मला वाटणारं नवल ओसरलेलं नाही.

तेल निघतं तळातल्या चेंबरमधून. मोठ्या इंजिनात तिथे तीस-चाळीस लिटर तेल असतं. त्यात बुडालेल्या नळीच्या तोंडाला जाळी असते. ती जाळी बारीक कचऱ्यासाठी नसतेच. गॅस्केटचा तुकडा, तुटलेला लॉक असलं काही पंपात जाऊ नये एवढंच तिचं काम. तिथून तेल पंपात येतं. पंप म्हणजे एका घरात बसवलेले दोन गिअर, क्रँकच्या गिअरवर चालणारे. दात आणि घराच्या भिंतीमध्ये अडकलेलं तेल ते एका बाजूने उचलतात आणि दुसऱ्या बाजूला सोडतात. इंजिन जोरात फिरत असताना हा पंप मिनिटाला शंभर लिटरच्या वर तेल ढकलतो. म्हणजे चेंबरमधलं सगळं तेल एका मिनिटात दोन-तीन वेळा फिरून येतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण शिकाऊ मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. पंप दाब तयार करतो असं त्यांना वाटतं. पंप फक्त तेल पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या वाटा अरुंद असल्यामुळे. पंपाच्या तोंडाशी पाइप उघडा सोडला तर तेल भरपूर येईल आणि दाबमापकाचा काटा शून्यावरच राहील. इंजिनातली अरुंद वाट म्हणजे मुख्यतः बेअरिंगची फट. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी ही फट, तिच्या कडांमधून तेल सतत बाहेर गळत असतं, आणि ते गळायलाच हवं, कारण तेच उष्णता बाहेर नेतं. पण हे गळणं फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. म्हणून जुन्या इंजिनात तेलाचा दाब हळूहळू उतरत जातो आणि मग एकदम ढासळल्यासारखा वाटतो. लोक पंप बदलतात. पंप बिचारा पूर्वीइतकंच तेल ढकलत असतो.

दाब जास्त होऊ नये म्हणून पंपाजवळ रिलीफ व्हॉल्व्ह असतो. गार इंजिनात तेल दाट असतं. नेहमीचं १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या सात-आठ पट पातळ ते १०० अंशांना होतं. तेव्हा गार तेलाने काटा उंच जातो, व्हॉल्व्हची स्प्रिंग दबते आणि जास्तीचं तेल परत चेंबरमध्ये जातं. सकाळी दाब चांगला दिसतो म्हणून खूश होणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, गार इंजिनाचा दाब पाहून काही कळत नाही. इंजिन पूर्ण तापू द्या, आयडलवर आणा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू ठेवा, आणि मग काटा बघा.

पंपातून तेल कूलरमध्ये जातं. कूलर म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांची चवड, एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने रेडिएटरचं पाणी. नाव कूलर असलं तरी इंजिन नुकतंच सुरू झालेलं असताना तो तेल तापवतो, कारण पाणी तेलाच्या आधी गरम होतं. याच पत्र्याला चीर पडली की एक विचित्र प्रकार होतो. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात शिरतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाणी अजून दाबाखाली असतं, म्हणून आता पाणी तेलात उतरतं. रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग दिसला की बरेच जण सरळ हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलायला घेतात. आधी कूलर तपासावा. काम सोपं आहे आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

मग फिल्टर. कागदाच्या घड्यांमधून तेल आरपार जातं. घड्या घाणीने भरल्या किंवा तेल फारच दाट असलं की फिल्टरची बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं, पण त्यामागचा विचार पक्का आहे. घाण तेलाने इंजिन झिजतं, तेल न मिळाल्याने ते काही क्षणांत मरतं. काही इंजिनांत कागदाच्या फिल्टरच्या जोडीला सेंट्रिफ्यूज असतो. तेल स्वतःच्याच झोताच्या जोरावर आतली वाटी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवतं आणि कागदातून निसटणारी काजळी वाटीच्या भिंतीवर थापली जाते. उघडला की आत रबरासारखा घट्ट काळा थर निघतो, खरवडून काढावा लागतो.

काढलेला फिल्टर तसाच फेकून देऊ नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तो कापावा, कागदाची घडी मोकळी करून पांढऱ्या फडक्यावर पसरावी आणि उजेडात धरावी. थोडी बारीक चमक प्रत्येक इंजिनात असते. चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडाचे कण: पिस्टनभोवतीची रिंग, सिलिंडरच्या आतली नळी म्हणजे लायनर, गिअर किंवा झडपा उघडणारा कॅम. न चिकटणारे, तांबूस आणि चापट कण दिसले तर बेअरिंगची वरची कातडी गेलेली आहे आणि आतलं तांबं बोलायला लागलं आहे.

फिल्टरमधून गाळलेलं तेल ब्लॉकच्या लांबीभर गेलेल्या मुख्य गॅलरीत येतं. तिथून प्रत्येक मेन बेअरिंगकडे, म्हणजे क्रँक ज्यांवर टेकून फिरतो त्या बेअरिंगकडे, एकेक वाट फुटते. मेन बेअरिंगमधून तेल क्रँकच्या पोटात शिरतं, तिथे तिरक्या पाडलेल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत जातं. एक मेन बेअरिंग हातात घेऊन पाहिलं तर ही सगळी योजना त्यावर लिहिलेली दिसते. दोन अर्धुकं असतात. पाठ पोलादाची, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर, आणि सगळ्यात वर मऊ धातूचा अगदी पातळ मुलामा. वरच्या अर्धुकात मधोमध खाच असते आणि तेल येण्यासाठी भोक. खालचं अर्धुक सपाट. कारण क्रँकला खाली दाबणारा भार खालच्या अर्धुकावर येतो, आणि तिथे खाच पाडली तर तेलाचा पापुद्रा मधोमध फाटेल. कनेक्टिंग रॉडमध्ये हेच उलट: तिथे स्फोटाचा भार वरच्या अर्धुकावर, म्हणून ते अखंड ठेवायचं. इंजिन बांधताना ही अर्धुकं घाईत अदलाबदल झाली तर मेन बेअरिंगचं भोक बंद होतं आणि त्या जागी तेलाचा थेंब पोचत नाही.

क्रँकच्या पोटातल्या भोकांबद्दलही सांगायला हवं. एकदा एका वर्कशॉपमधून ग्राइंड होऊन आलेला क्रँक आम्ही बसवायला घेतला. वरून आरशासारखा. भोकांच्या तोंडाचे प्लग काढून आत तार घातली तेव्हा ग्राइंडिंगची राखाडी भुकटी तेलात मिसळून चिखल झालेली बाहेर आली. हा चिखल फिल्टरच्या पुढच्या वाटेत असतो, म्हणजे तो थेट नव्या बेअरिंगवर गेला असता. तेव्हापासून आमच्याकडे क्रँक कुठूनही आला, कितीही चकचकीत असला, तरी प्रत्येक भोक ब्रशने आणि दाबाच्या हवेने साफ केल्याशिवाय ब्लॉकमध्ये उतरत नाही.

आता मूळ प्रश्न. गॅलरीत तेलाचा दाब चार-पाच बार असतो. एवढ्याने २७ टन पेलले जाणार नाहीत. मग भार उचलतं कोण?

याचं उत्तर मिळालं ते ट्रक जन्माला येण्याच्या आधी. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हा इंजिनिअर तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वर पितळेचं अर्धुक, त्यावर भार. तेल घालायची कुपी बसवावी म्हणून त्याने अर्धुकाला वरून भोक पाडलं. आस फिरवला तर त्या भोकातून तेल वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी तिथे दाबमापक लावला. त्यावरचे आकडे २०० पौंडांपर्यंत होते आणि काटा त्याच्याही पुढे गेला. बेअरिंगवर घातलेला सरासरी भार दर चौरस इंचाला फक्त १०० पौंडांचा होता. तेल कोणी दाबाने पुरवत नव्हतं. फिरणारा आसच तेलाला स्वतःबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या कोंबण्यातून हा दाब उभा राहत होता. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने यामागचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर उभी असते. ओल्या रस्त्यावर वेगात असलेलं टायर पाण्यावर तरंगतं, तिथेही हेच घडत असतं. फक्त रस्त्यावर ते नको असतं आणि बेअरिंगमध्ये हवंच असतं.

पुढे १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतल्या अल्बर्ट पेनने वाफेच्या इंजिनासाठी पंपाने तेल पुरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि आजच्या इंजिनातली वाट मोकळी झाली. पण पंपाचं काम तेल दारापर्यंत आणून देण्याचं. उचलण्याचं काम क्रँक स्वतः करतो, फिरत राहून. फिरणाऱ्या क्रँकखालच्या पाचरीत तेलाचा दाब शेकडो बारांपर्यंत चढतो.

हे एकदा लक्षात आलं की इंजिन कुठे आणि का झिजतं हे आपोआप उलगडत जातं. जिथे गती थांबते तिथे पापुद्रा तुटतो. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. लायनर काढून वरच्या बाजूला बोट फिरवलं तर पहिली रिंग जिथे थांबते तिथे बोटाला पायरी लागते. पिस्टन सर्वांत वेगात असतो तिथे, लायनरच्या मध्यावर, होनिंगच्या, म्हणजे लायनर घासून तयार करताना पाडलेल्या, तिरक्या रेघा कितीतरी काळ शाबूत असतात. इंजिन सुरू होतानाचे पहिले क्षण तसेच. क्रँक बेअरिंगवर टेकलेला असतो, तेल गॅलरीतून अजून यायचं असतं, आणि आधीच्या वेळचं चिकटून राहिलेलं तेल तेवढी वेळ सांभाळून घेतं. सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तो आवाज ऐकवत नाही.

चढावर वरच्याच गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर रेटत नेणं हेही त्यातलंच. भार पूर्ण, गती कमी, पापुद्रा सगळ्यात पातळ. डिझेल वाचतं असं वाटतं, पण बेअरिंगच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट अवस्था. एक गिअर उतरावा.

गॅलरीतून तेलाच्या आणखी वाटा निघतात. प्रत्येक सिलिंडरच्या खाली एक छोटी वाकडी नळी असते, तिच्यातून तेलाची धार पिस्टनच्या पोटात मारली जाते. पिस्टनच्या डोक्याखाली गोल पोकळी असते. तेल एका भोकातून आत जातं, पिस्टनच्या वरखाली होण्याबरोबर घुसळलं जातं आणि उष्णता घेऊन दुसऱ्या भोकातून खाली पडतं. या नळ्यांची झडप ठरावीक दाबाच्या वरच उघडते, म्हणजे आयडलवर दाब कमी असताना बेअरिंगच्या वाट्याचं तेल इथे जात नाही. बांधणी करताना या नळीला धक्का लागून ती जराशी वाकली तर इंजिन सुरू होतं, चालतं, आवाजही नीट येतो, आणि काही दिवसांनी तो एकच पिस्टन जातो.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा आस मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेतो. या आसाची बेअरिंग तेलावर तरंगतात आणि त्याच्या एका टोकाला धगधगता धूर असतो. जोरात चालवून आणलेलं इंजिन लगेच बंद केलं तर तेल थांबतं, टर्बाइनची उष्णता बेअरिंगमध्ये शिरते आणि उरलेलं तेल जळून कोळसा होतं. म्हणून तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करायचं.

वर झडपा दाबणाऱ्या रॉकरपर्यंत आणि कॅमपर्यंत तेल शेवटी पोचतं. कॅमच्या नाकाशी संपर्काची जागा इतकी अरुंद असते, की तिथे निव्वळ पापुद्र्यावर भागत नाही. तेलात घातलेलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग तिथे कामाला येतं. घर्षणाच्या उष्णतेने ते धातूवर स्वतःचा थर तयार करतं आणि धातूऐवजी तो थर झिजतो. तेल ‘जुनं होतं’ म्हणजे काय, याचं एक उत्तर हेच: ही संयुगं वापरली जातात आणि संपतात.

आणि मग परतीचा प्रवास. वर जाताना पंपाचा जोर, परत येताना फक्त वजन. हेडमधून, टर्बोच्या जाड नळीतून, बेअरिंगच्या कडांमधून तेल घरंगळत चेंबरमध्ये येतं. म्हणून टर्बोची परतीची नळी आणणाऱ्या नळीपेक्षा कितीतरी जाड असते. रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा वायू ब्रीदरमधून बाहेर पडला नाही तर खालचा दाब वाढतो, परतीचं तेल वर तुंबतं आणि सीलमधून गळायला लागतं. सील बदलून गळती थांबत नसेल तर ब्रीदर बघावा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरणंही घातक. क्रँक त्यात बुडून तेल फेसाळतं, आणि फेस भार उचलत नाही.

परत आलेलं तेल काळं असतं. डिझेल इंजिनात ते नवं घातल्यावरही लवकरच काळं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काजळीचे कण एकत्र येऊन गोळा होऊ नयेत म्हणून तेल त्यांना सुटं सुटं धरून ठेवतं. काळं तेल म्हणजे काम करणारं तेल. काळजी करायची ती डिपस्टिकवरची पातळी वाढली तर. तेल कमी होण्याला चार साधी कारणं असू शकतात, वाढण्याला मात्र दोनच: पाणी येतंय किंवा डिझेल येतंय. पाण्याने तेल दुधाळ होतं, ते डोळ्यांना दिसतं. डिझेल दिसत नाही, फक्त तेल पातळ करत जातं, म्हणून मला त्याची धास्ती जास्त वाटते.

डॅशबोर्डवर निव्वळ लाल दिवा असलेली गाडी मला पसंत नाही. दिवा पेटतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. काटा किंवा आकडा हवा, आणि दर वेळी तेल बदलल्यावर तापलेल्या इंजिनाचा आयडलचा दाब वहीत लिहायला हवा. वर्षभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की बेअरिंग किती झिजलं ते चेंबर न उघडता कळतं. आणि चालता चालता दिवा पेटलाच, तर टर्बोसाठी सांगितलेली ती तीन-पाच मिनिटं विसरायची. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन त्याच क्षणी बंद करायचं आणि पुन्हा सुरू करून बघायचं नाही. पुढची वाट गाडीने टोचन लावूनच जायचं.